इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी: एमडीच्या तीन वर्षांत हात कधी बसणार?

मलप्रभाकाठ:

मी खानापूर तालुक्यातला असून बेळगावातील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एमडी रेडिओडायग्नोसिसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवस सोनोग्राफी आणि सीटीच्या रिपोर्टांत जातो. आठवड्यातून दोनदा डीएसएच्या (रक्तवाहिन्या एक्स-रेच्या पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राच्या) खोलीत उभे राहायला मिळते, पण तिथे माझे काम बहुतेक वेळा गाइडवायर (नळीला वाट दाखवणारी बारीक तार) ओली करून सरांच्या हातात देण्यापुरतेच असते. गेल्या महिन्यात निपाणीकडचे, तंबाखूच्या वखारीत उभे आयुष्य काढलेले एक आजोबा आले होते. पायाचा अंगठा काळा पडला होता आणि मांडीतली धमनी जवळजवळ बंद होती. बलूनने ती उघडल्यावर कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिनी पडद्यावर दिसावी म्हणून सोडलेले औषध) पोटरीपर्यंत उतरताना पडद्यावर पाहिला आणि याच विषयात, म्हणजे सुई-नळीने आतून उपचार करणाऱ्या इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीत, डीएम (एमडीनंतरची पदवी) करायचे मनाशी ठरवले. सहकारी म्हणतात की डीएमचा प्रवेश शेवटी परीक्षेतील गुणांवर मिळतो, तेव्हा आधी पुस्तक धरावे, हाताचे नंतर बघता येईल. हा सल्ला मला पटत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. उरलेल्या दीड वर्षात नेमके काय शिकून घ्यावे?

घाटावरचा:

मी डीएम पूर्ण करून कोल्हापुरात काम करतो. परीक्षेपुरता तो सल्ला खरा आहे, परंतु एमडीची तीन वर्षे संपून डीएमची तीन सुरू होतात तेव्हा सोनोग्राफीखाली सुईचे टोक न हरवता पुढे नेणे ज्याला जमते आणि ज्याला जमत नाही, त्यांच्यातील फरक पहिल्याच आठवड्यात सर्वांना दिसतो. हे शिकायला डीएसएची खोली लागत नाही. छातीतले किंवा पोटातले पाणी काढणे, यकृताची बायोप्सी, तुंबलेल्या मूत्रपिंडात नळी घालणे, ही कामे तुमच्याच विभागात रोज होत असतील. ती मागून घ्या. रात्री मोकळा वेळ मिळाला तर अगर-अगरच्या जाड वडीत पाण्याने भरलेली सलाइनची नळी पुरून तिच्यावर सुई चालवा. हसू येईल, पण मी हेच केले होते.

सेल्डिंगरने १९५३ मध्ये मांडलेली पद्धत आजही तशीच आहे: सुई, सुईतून वायर, सुई काढून वायरवरून नळी. पुस्तकात ती चार ओळींत संपते. शीथ (धमनीत बसवलेली नळी) काढल्यानंतरची पंधरा मिनिटे मात्र पुस्तकात जेमतेम असतात आणि ती रेसिडेंटच्याच वाट्याला येतात. त्वचेवरील छिद्रावर बोटे दाबणे ही नवख्यांची नेहमीची चूक. सुई तिरकी गेलेली असते, त्यामुळे धमनीचे छिद्र त्वचेवरच्या छिद्रापेक्षा थोडे वर, बेंबीच्या दिशेने असते. दाब तिथे हवा. दर दोन मिनिटांनी हात उचलून पाहू नये. सुई जांघेच्या लिगामेंटच्या वर लागली असेल, तर मागे दाबायला हाडच मिळत नाही. अशा वेळी जांघ स्वच्छ दिसते, पण रुग्ण कंबर दुखते म्हणतो आणि बीपी उतरत जातो. ते रक्त पोटाच्या मागे साचत असते. त्यामुळे संध्याकाळचा राउंड कनिष्ठावर ढकलू नका.

जुना टेक्नॉलॉजिस्ट:

डॉक्टरसाहेब, मी लहान तोंडी मोठा घास घेतो आहे, परंतु एक गोष्ट राहून गेली. बॅजचे रीडिंग जास्त आले तर काम बंद करतील या भीतीने कित्येक रेसिडेंट टीएलडी बॅज (अंगावर आलेल्या किरणांची मात्रा मोजणारा) खणात ठेवून आत जातात. असे करू नका. तो किरण अडवणाऱ्या ॲप्रनच्या आत, छातीवर लावलेलाच हवा. किरणांच्या मात्रेची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० अशी आहे. तुमच्या अंगावर येणारे किरण मुख्यतः रुग्णाच्या शरीरातून विखुरलेले असतात, म्हणून डिटेक्टर (किरण टिपणारा भाग) रुग्णाच्या जितका जवळ आणता येईल तितका आणावा, आणि डीएसएची रन (सलग चित्रे) घेताना दोन पावले मागे सरावे. अंतर दुप्पट झाले की मात्रा चौथाईवर येते. ॲप्रन घडी घालून खुर्चीवर टाकणाऱ्यांवर तर माझा कायमचा राग आहे. आतला थर घडीवर तडकतो आणि वरून काही दिसत नाही.

मलप्रभाकाठ:

दोघांचेही मनापासून आभार. दाब कुठे द्यायचा, हे मला आजवर कुणी सांगितलेच नव्हते. आणखी एक अडचण आहे. आमच्याकडील संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत असते, आणि निपाणी, चंदगड, गडहिंग्लजकडून येणाऱ्या रुग्णांना ते वाचता येत नाही. तोंडी समजावताना माझी भाषा अडखळते.

गडहिंग्लजची ताई:

तुम्ही मराठीत बोलू शकता, हीच मोठी सोय आहे, भाऊ. रुग्णाचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: ‘टाके किती पडतील?’ एकही नाही, असे सांगितले की तो निर्धास्त होतो आणि पुढचे ऐकतच नाही. म्हणून मी क्रम उलटा केला आहे. आधी सांगते की जांघेतून शिरायचे आहे, नंतर सहा तास पाय सरळ ठेवून पडून राहावे लागेल, लघवीलाही उठायचे नाही, आणि जांघेत ओले लागले किंवा पाय गार पडला तर लगेच हाक मारायची. मग क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) रिपोर्ट आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या विचारते. टाक्यांचे उत्तर सर्वांत शेवटी. सांगितलेले सगळे रुग्णाकडून त्याच्या शब्दांत वदवून घेते आणि ‘मराठीत समजावून सांगितले’ अशी नोंद केस पेपरवर वेळेसह करते. सोबत म्हातारी आई किंवा बायको असेल तर तिलाही बसवून घ्या. रात्री उशाशी तीच असते.