आकाशातले 'अनोळखी' दिवे: नेमका शब्द कोणता?

विचारणा: रात्री होडीतून आकाशात जे उजेड दिसतात आणि कशाचे ते कळत नाही, त्यांच्याबद्दल लिहायचंय. 'प्रकाश'चं अनेकवचन होत नाही, 'उजेड' अनेकवचनात अवघडतो. 'गूढ दिवे' चालेल का? की सरळ 'उडत्या तबकड्या'?

> तबकडी नकोच. जून १९४७ मध्ये केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला नऊ वस्तू दिसल्या. पाण्यावर बशी भिरकावली की ती टप्पे घेत जाते, तशा त्या जात होत्या, असं त्याचं म्हणणं. वर्णन चालीचं होतं, वर्तमानपत्रांनी ते आकाराला चिकटवलं. आपण तर बशीचीही तबकडी केली!

> 'दिवे'ही जपून वापरा. दिवा म्हटला की तो लावणारा आलाच. आणि 'गूढ' म्हणजे कुणीतरी लपवलेलं. 'अनाकलनीय'मध्ये पुढेही कळणार नाही असा निकाल आहे. 'अज्ञात' चाललं असतं, पण पाठोपाठ 'इसम' येतो. त्यापेक्षा 'अनोळखी': पाहणाऱ्याला ओळखता आलं नाही, एवढंच.

> आणि उल्का? काही जण सरसकट उल्काच म्हणतात.

> उल्का काही सेकंदांत विझते. फारच तेजस्वी असेल तर अग्निगोल, जमिनीवर पोचली तर अशनी. दहा मिनिटं दिसत राहिलेल्या उजेडाला यातलं काहीच लागू नाही.

> नामापेक्षा क्रियापदात जास्त चुका होतात. 'ग्रह लुकलुकत नाहीत' हे शाळेतलं वाक्य क्षितिजाजवळ टिकत नाही. तिथला उजेड हवेच्या जाड थरातून येतो, त्यामुळे शुक्रही लुकलुकतो, रंग बदलतो. शिवाय अंधारात जवळपास दुसरी खूण नसेल, तर स्थिर ठिपकाही सरकल्यासारखा वाटतो. हा डोळ्यांचा खेळ, त्यात होडी हलते ती वेगळीच. म्हणून 'सरकला' नव्हे, 'सरकताना दिसला'. एका ओळीत जाणारे ठिपके मात्र खरंच सरकत असतात: मे २०१९ मध्ये स्टारलिंक या उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या सेवेचे पहिले ६० उपग्रह सुटले, तेव्हापासून तशा रांगा दिसतात.

> कोलंबसच्या रोजनिशीत ११ ऑक्टोबर १४९२ च्या रात्रीची नोंद पाहा. दूरवर, मेणबत्ती वर-खाली व्हावी तसा उजेड. तो कशाचा, यावर अजून वाद आहे. आकाशातला नसेलही, पण नोंद चांगली आहे: उपमा दिली, नाव दिलं नाही.

मूळ विचारणारा: मग शीर्षकात 'अनोळखी ठिपके' ठेवतो.

> ठिपके वाचून बिबट्या आठवेल हो! 'अनोळखी उजेड' एकवचनातच ठेवा आणि संख्या वाक्यात सांगा: 'तीन ठिकाणी उजेड दिसला.'