मदत हवी आहे: हॉलिडे क्लबची मेंबरशिप रद्द कशी करायची? (नागपूर)

मनीषनगरकर (मंगळवार, सकाळी 9:40)
लोकहो, एका हॉलिडे क्लबची (आधी पैसे भरा, मग दरवर्षी सुट्टीत त्यांच्या रिसॉर्टमध्ये खोली) मेंबरशिप गळ्यात पडली आहे, ती रद्द करायची आहे. फोन केला की "तुमची रिक्वेस्ट पुढे पाठवलीय सर" एवढंच. दरवर्षीचा मेंटेनन्स वेगळा, तो तर कोणी सांगितलाच नव्हता. यातून कोणी सुटलंय का? लेक्चर नको, उपाय सांगा.

खामल्याचा_बंडू
किती वर्षांची? पैसे किती भरले? कार्डानं का चेकनं? काहीच लिहिलं नाही बे, सांगायचं काय?

वऱ्हाडी_ताई
आमची 2014 ची, 25 वर्षांची. मे महिन्यात खोली मागितली की वेटलिस्ट, जुलैत पाहिजे तितक्या रिकाम्या. वैतागून ह्यांनी 4 वर्षं मेंटेनन्स भरलाच नाही. मेंबरशिप संपली नाहीच, थकबाकीवर व्याज लावून राहिले.

कायद्याचं_बोला
सरळ ग्राहक आयोगात जा. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत 2 वर्षं, आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. त्याआधी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदव. मात्र 'करारच अन्यायकारक आहे' म्हणायचं असेल तर जिल्हा आयोग नाही, राज्य आयोग. त्याचं खंडपीठ नागपुरातही बसतं.

खामल्याचा_बंडू
माझ्या साळ्याची फ्रिजची केस 3 वर्षं चालली, तोवर नवा फ्रिज जुना झाला. बँकेत जा, मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) रद्द कर, विषय संपला.

कायद्याचं_बोला
संपत नाही. फायनान्स कंपनीचं कर्ज असेल तर हप्ता चुकला की सिबिल स्कोअर (कर्जफेडीची पत) गेला. आणि खात्यात पैसे नाहीत म्हणून मँडेट परत गेलं, तर 2007 च्या पेमेंट कायद्याचं कलम 25 लागतं, चेक बाउन्ससारखंच. अर्धवट सल्ले देऊ नका.

भटक्या
मुळात क्लब पाहिजे कशाला? चिखलदऱ्याला एमटीडीसीचं (सरकारी पर्यटन महामंडळ) रिसॉर्ट आहे, पेंचच्या जंगलात राहायला सिल्लारी आहे. सकाळी निघा, दुपारी जेवायला तिथं.

मनीषनगरकर (11:15)
भांडणं नंतर करा राजेहो. हे घ्या सगळं. मॉलमध्ये कूपन भरलं होतं, मग "तुम्ही विजेते" म्हणून फोन. नवरा-बायको दोघांनी यायलाच पाहिजे ही अट. हॉटेलचा हॉल, कान फाटतील अशी गाणी, दर दहा मिनिटांनी कुणाचं तरी "अभिनंदन" आणि टाळ्या. साडेचार लाखांचा आकडा खोडत खोडत मॅनेजर 2 लाख 40 हजारांवर आला. पोरगी भुकेनं रडत होती, सही करून सुटलो. 40 हजार क्रेडिट कार्डावर, बाकीचे क्लबलाच 24 हप्ते, पुढच्या महिन्यापासून. बक्षीस म्हणून 3 रात्रींचं व्हाउचर आणि एक कढई.

निवृत्त_लेखापाल
सगळं लिहिलंत, तारीख नाही. सही कधी केली?

मनीषनगरकर
परवाच्या नाही, त्याआधीच्या रविवारी.

निवृत्त_लेखापाल
अहो, मग सकाळपासून आयोग काय काढून बसलात सगळे! करारात 'कूलिंग ऑफ' शोधा. बरेच क्लब 10 दिवसांत रद्द करू देतात.

मनीषनगरकर
सेल्सवाला म्हणाला होता, वेलकम किट घरी आल्यापासून 10 दिवस. किट आलेलं नाही, म्हणून मी निवांत होतो. आता पीडीएफ उघडली. पान 11, बारीक अक्षरात: "अर्जाच्या तारखेपासून 10 दिवस, लेखी." 😡

निवृत्त_लेखापाल
म्हणजे उद्या शेवटचा दिवस. फोन सोडा. अर्जात दिलेल्या ईमेलवरूनच मेल करा: मेंबरशिप नंबर, सहीची तारीख, पान 11 चं कलम, "करार रद्द करत आहे, पूर्ण रक्कम परत करा, हप्त्यांचं मँडेट रद्द करा". कारणं लिहीत बसू नका. तीच प्रत आजच स्पीड पोस्टानं. रजिस्टर्ड पोस्ट 1 सप्टेंबर 2025 पासून त्यातच गेलं आहे. पावती जपा. मग मेलची प्रत जोडून कार्डाच्या बँकेला आणि मँडेटच्या बँकेला कळवा. व्हाउचरला हात लावू नका.

वऱ्हाडी_ताई
अजून एक. पुढे कधी "तुमची मेंबरशिप विकून देतो, गिऱ्हाईक तयार आहे, फक्त 18 टक्के जीएसटी आधी भरा" असा फोन आला तर उचलून ठेवून द्या. आमचे 22 हजार तसेच गेले.

भटक्या
पेंचला जाणार असाल तर पावसाळ्यात कोअर (जंगलाचा आतला भाग) बंद असतो हं.

मनीषनगरकर (संध्याकाळी 4:50)
मेल 12:58 ला गेला, स्पीड पोस्टही केलं. तासाभरात त्यांचाच फोन! "सर, पहिल्या वर्षाचा मेंटेनन्स माफ करतो, फक्त तो मेल मागे घ्या." आठवडाभर माझा फोन उचलून पुढे ढकलत होते हेच.

निवृत्त_लेखापाल
मागे घेऊ नका. जे काय ते मेलवर लिहा म्हणावं.

खामल्याचा_बंडू
आणि कढई परत मागितली तर?

मनीषनगरकर
तिच्यात परवा पाटवडी-रस्सा झाला आहे.

निवृत्त_लेखापाल
घासून देऊन टाका.