मदत हवी आहे: सातारा ते कन्याकुमारी, एकटीने, गाडी नवऱ्याच्या नावावर

ऑगस्टच्या शेवटी नवरा गेला. तेव्हापासून गाडी पार्किंगमध्येच होती. गेल्या रविवारी बॅटरी उतरली म्हणून मेकॅनिक बोलावला. गाडी सुरू झाली तशी मीच बसले आणि वाढे फाट्यापर्यंत जाऊन आले. सीट त्याच्या उंचीला लावलेली, माझा पाय क्लचला पुरेना. सीट पुढे ओढायला काही हात होईना. पाठीला उशी लावली.

वय 56, लायसन्स 2009 चं. खंबाटकी घाट चालवलाय, पण तो शेजारी असताना. पेट्रोल वॅगनआर, 61 हजार किमी.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचंय. हुबळी, तुमकूर, सेलम, तंजावर, कन्याकुमारी. येताना 66 नंबरच्या हायवेने केरळ, मंगळूर, कारवार. तंजावर त्याच्यासाठी. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर तिथले मराठा राजे सरफोजी यांनी 1803 मध्ये कोरून घेतलेला भोसल्यांचा मराठी शिलालेख आहे, तो बघायचं दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी कुणाचं तरी लग्न निघायचं.

आरसी त्याच्या नावावर असताना मी गाडी नेली तर चालेल का? आरटीओला मुलाने महिन्याच्या आत कळवलंय. बंगळुरातली गर्दी कशी टाळू? तंजावरला एकट्या बाईने कुठे उतरावं? "ड्रायव्हर घेऊन जा" हे उत्तर घरात रोज मिळतं, इथे नको.

घाटवाट: ताई, 30 दिवसांत कळवलंय ना, मग मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने वारसाला गाडी वापरता येते. तुमची मुदत नोव्हेंबरअखेर संपते, म्हणजे ऐन प्रवासात. निघण्याआधी फॉर्म 31, म्हणजे गाडी वारसाच्या नावावर करायचा अर्ज, भरून टाका. विम्याचंही तसंच, तीन महिने किंवा पॉलिसी संपेपर्यंत, जे आधी येईल ते. कंपनीला आजच कळवा. ओनर-ड्रायव्हरचं अपघात कव्हर तुमच्या नावाने नव्याने घ्यावं लागेल, ते बहुतेक जण विसरतात.

कांदेपोहे: तुमकूरकडून येताना बंगळुरात शिरूच नका, बाहेरून जाणारा नाइस रोड धरा. टोल आहे, पण थेट इलेक्ट्रॉनिक सिटीपाशी बाहेर पडाल. खरी काळजी धर्मपुरीनंतरच्या तोप्पूर घाटाची. सेलमकडे लांबलचक उतार आहे आणि ट्रकचे ब्रेक तिथेच जातात. गियर खालचा ठेवा, ट्रकच्या पुढे राहू नका, उजेडी पार करा. आणि नोव्हेंबरात तामिळनाडूत भर पावसाळा असतो. कागद झाले की मुदतीची घाई उरत नाही, जानेवारीत जा की.

मूळ धागाकर्ती: दोघांचे आभार. फॉर्म उद्याच आणते. जानेवारीचं पटतंय, तोवर खंबाटकी चार वेळा एकटीने करून बघते. सीटही पुढे घेतली आज, घाटात उशी सरकली तर पंचाईत. तंजावरच्या लॉजचं मात्र कुणीच सांगितलं नाही. देवळापासून चालत जाता येईल असं हवंय, गाडी आत लावता आली पाहिजे.