साठ लेख, रोजचे दोनशे वाचक आणि कमाई विचारू नका

बॉबिनवाली

मंडळी, जरा खरंखरं सांगा. लागलं तरी चालेल.

वीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करतेय. हात काळे करायचं काम, लिहिण्याबिहिण्याचा संबंध नाही. गेल्या वर्षी भाच्याने डोक्यात भरवलं, "मावशी, तुला जे येतं ते लिहून काढ, वेबसाइट करू, जाहिरातींचे पैसे येतील." डोमेन (साइटचा पत्ता) घेतलं, वर्डप्रेस हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर टाकलं, रात्री जागून साठ लेख पाडले.

पहिले तीन महिने साइटवर चिटपाखरू नाही. मला वाटलं, माझंच लिखाण टुकार. मग कळलं की वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये 'सर्च इंजिनांनी ही साइट इंडेक्स करू नये' (म्हणजे शोधात दाखवू नये) अशा अर्थाचा एक चौकोन असतो. साइट अर्धवट असताना भाच्याने त्यावर टिक केली होती, काढायची राहिली. दुकान सजवून तीन महिने शटर खाली!

तेव्हापासून आठ महिने झाले. आता रोज दोनशेच्या आसपास लोक येतात. ॲडसेन्स (साइटवर जाहिराती दाखवून पैसे देणारी गूगलची सेवा) लावलंय, प्रत्येक पानावर सात जाहिराती. तरी १०० डॉलर काही भरत नाहीत, आणि तेवढे भरल्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत. एक जण म्हणतो, एआयकडून आणखी शंभर लेख लिहून घ्या. दुसरा म्हणतो, थीम, म्हणजे साइटचं रूप, बदला. भाचा आता फोनच उचलत नाही.

लेख वाढवू, थीम बदलू की गाशा गुंडाळू?

जुनाखोंड

ताई, खासगी निरोपात पाठवलेली लिंक पाहिली. लागलं तरी चालेल म्हणालात म्हणून मोकळेपणाने लिहितो.

एक काम करा. सर्च कन्सोल (शोधातून साइटवर किती जण आले ते दाखवणारं गूगलचं साधन) उघडा आणि 'परफॉर्मन्स'मध्ये कुठल्या पानावर किती लोक येतात ते बघा. साठ लेख सगळे सारखे चालत नसणार, कुणाचेच चालत नाहीत. आकडे इथे टाका, मग बोलू.

बॉबिनवाली

बघितलं. निम्म्याहून जास्त लोक एकाच लेखावर येतात. 'शिवणयंत्रातील धाग्याचे ताणनियमन : एक विवेचन'.

जुनाखोंड

वाटलंच होतं. तो लेख मी माझ्या फोनवर पूर्ण वाचला. सांगतो काय झालं ते.

उघडल्यावर आधी एक जाहिरात. मग तुमचं शीर्षक, जे परीक्षेच्या पेपरात शोभेल. मग एलायस होवचं १८४६चं पेटंट, सिंगरचं १८५१चं पेटंट, त्यांची कोर्टबाजी. मग दोन जाहिराती. मी वाचत होतो तेवढ्यात वर तिसरी उगवली आणि मजकूर धपकन खाली गेला, माझं बोट भलत्याच ठिकाणी पडलं. आणि नवव्या परिच्छेदात, दोन जाहिरातींच्या सांदीत, हे वाक्य सापडलं : 'कापडाखाली धाग्याचा गुंता होत असेल तर बॉबिनला (खालच्या धाग्याच्या रिळाला) हात लावू नका. प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर उचला आणि वरचा धागा पुन्हा ओवा. फूट खाली असताना ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात, धागा त्यांच्यात बसतच नाही.'

ताई, हे वाक्य सोनं आहे! गुंता खाली दिसतो म्हणून माणूस खालीच खुडबुडत बसतो, आणि दोष असतो वर. मला हे माहीत नव्हतं. आणि तुम्ही ते पुरून ठेवलंय.

आता तुमचा वाचक डोळ्यांसमोर आणा. एका हातात अडकलेलं कापड, दुसऱ्या हातात फोन, आणि कपडा कुणालातरी उद्या द्यायचाय. त्याला सिंगरचं पेटंट नकोय. सर्च कन्सोलमध्येच 'क्वेरीज' पाहा, लोक काय टाइप करून आले ते दिसेल. 'ताणनियमन' हा शब्द एकानेही टाइप केलेला नसेल, पैज लावतो. 'मशीन खाली धागा गोळा होतो' असलंच काहीतरी असेल. तेच शीर्षक द्या. खाली लगेच उपाय. मग फोटो. मग 'तरीही होत नसेल तर' असं म्हणून पुढची कारणं. इतिहास आवडतो ना? त्याचा वेगळा लेख करा, मी येऊन वाचीन.

शंभर एआय लेखांचं म्हणाल तर अजिबात नको. वाचकाच्या उपयोगाचा विचार न करता निव्वळ रँकिंगसाठी ढिगाने पानं पाडणं हे गूगलने मार्च २०२४ मध्ये उघडपणे स्पॅमच्या नियमांत घातलं, मग ती माणसाने पाडलेली असोत की यंत्राने. शिवाय सर्वसाधारण प्रश्नांची उत्तरं आता सर्चच वरच्या वर देऊन टाकतो, वाचक साइटपर्यंत पोचतच नाही. तुमच्याकडे आहे ते यंत्राकडे नाही : उघडलेली मशीन आणि तुमचे काळे हात. त्यांचेच फोटो टाका.

लोडिंगलोडिंग

जुनाखोंड यांना +१. फक्त तांत्रिक भर घालतो. मीही लिंक मागून घेतली.

त्या पानावरचा पहिला फोटो ४ एमबीचा आहे. फोनमधून काढला तसाच चढवलाय. १२०० पिक्सेल रुंदीचा करा, वेबपी फॉरमॅटमध्ये साठवा, शंभर-दीडशे केबीत बसेल. गूगलच्या मोजमापात पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला तर 'चांगलं' धरतात. तुमचं पान माझ्याकडे नऊ सेकंद नुसतं पांढरं होतं. एक खाचखळगा : सगळ्या फोटोंना लेझी लोडिंग (वाचक खाली पोचेल तेव्हाच फोटो आणायची सोय) लावतात, पण सगळ्यात वरच्या फोटोला लावू नका, तो उलट उशिरा येतो.

मजकूर खाली सरकतो त्याचं कारण साधं आहे. जाहिरातीसाठी जागा राखलेली नाही, ती आली की सगळ्यांना ढकलते. त्या डब्याला सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये) किमान उंची द्या, फोटोंना रुंदी-उंची लिहा. हे सरकणंही मोजलं जातं, ०.१च्या आत हवं.

पहिल्या पानावरचा तो फिरता स्लायडर काढा. कुणीही त्यातलं दुसरं चित्र पाहत नाही. थीम बदलायची गरज नाही.

तिरकस

सगळं खरं, पण दोनशे वाचकांवर जाहिरातींतून काय मिळणार? पान कितीही पळवा. ॲफिलिएट लावा की, म्हणजे तुमच्या लिंकेतून विक्री झाली की कमिशन. सुया, बॉबिन, तेल यांच्या लिंका द्या.

जुनाखोंड

लावा, पण हिशेब करून लावा. ॲमेझॉनची ही योजना १९९६ पासून आहे. तिथे वाचकाने तुमच्या लिंकवर टिचकी मारली की साधारण २४ तासांत केलेल्या खरेदीवर तुम्हाला वाटा. सुयांच्या पाकिटावर टक्का तो किती पडणार? पान उघडणाऱ्यांतले थोडेच लिंक दाबतात, त्यातले थोडेच विकत घेतात. मशीन घ्यावी कुठली अशा लेखावर ते शोभेल, धागा अडकलेल्या माणसाला नाही. आणि लिंकेतून कमिशन मिळतं हे तिथेच लिहा, कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड' हा शेराही द्या. त्यात लाज कसली.

जाहिराती सातवरून दोनावर आणा. पैसे बुडतील ही भीती सोडा, बुडायला आहेत कुठे? आणि कुणी 'ओळखीच्यांना क्लिक करायला सांगा' म्हणालं तर त्याला ओळख दाखवू नका. एक तर २०२४ पासून ॲडसेन्स मुख्यतः जाहिरात दिसण्यावर पैसे देतं, क्लिकवर नाही. वर तसल्या क्लिकांपायी खातं बंद होतं, ते परत मिळवणं महाकर्मकठीण.

माझं मत विचाराल तर तुमची कमाई जाहिरातीतही नाही आणि सुईतही नाही. ती तुमच्या निदानात आहे. कशी विकायची ते मात्र वाचकांकडून कळू द्या. लेखाच्या शेवटी एक ओळ टाका : 'तरीही जमलं नाही? टाक्याचा फोटो मला ईमेल करा.' बघू काय येतं.

बॉबिनवाली

तीन आठवड्यांनी येतेय, आळस नव्हता, काम होतं.

पैज तुम्ही जिंकलात. 'ताणनियमन' शून्य. शीर्षक बदललं, उपाय वर आणला, पेटंटं उचलून बाजूला ठेवली (जिवावर आलं). फोटो लहान केले. स्लायडर काढताना भाच्याला वाईट वाटलं, त्याने दोन दिवस घालवले होते त्याच्यावर. वाचक फार वाढले नाहीत, पण आलेले टिकतात, दुसरा लेखही उघडतात.

आणि ईमेल आले! अकरा. एकीने टी-शर्टच्या कापडाचा फोटो पाठवला, मध्येमध्ये टाके सुटलेले. फोटो मोठा करून पाहिला आणि कळलं, साधी टोकदार सुई लावलीय. विणलेल्या, ताणणाऱ्या कापडाला गोल टोकाची, बॉलपॉइंट सुई लागते. तिला लिहिलं, तिने सुई बदलली, झालं. तिचे तीन ईमेल आले आभाराचे. पण फुकट. हिच्याकडे पैसे मागायचे कसे? मला तोंड उघडवत नाही.

जुनाखोंड

तोंडाने मागूच नका, फॉर्मला मागू द्या. 'फोटोवरून निदान' असं एक पान करा. मशीनचं मॉडेल, कुठलं कापड, कुठली सुई, आणि तीन फोटो : टाक्याची वरची बाजू, खालची बाजू, आणि ओवलेल्या धाग्याचा पूर्ण मार्ग. पैसे आधी, उत्तर दोन दिवसांत, निदान जमलं नाही तर पैसे परत. एवढं स्पष्ट लिहा. धागा गोळा होण्याचा लेख फुकटच राहू दे, तिथूनच माणसं येणार आहेत.

आणि ते अकरा ईमेल पुसू नका. त्यांना विचारून पत्ते जपून ठेवा. गूगलची मर्जी उद्या फिरली तरी ही माणसं तुमची.

तिरकस

फुकट उत्तरं घ्यायची सवय लागलेली माणसं पैसे देत नाहीत, अनुभव आहे.

बॉबिनवाली

अकरातल्या दोघींनी आपणहून विचारलं हो, 'किती द्यायचे?' म्हणून. मीच 'राहू दे' म्हणाले.

भाचा आज फॉर्म बनवतोय. ते पान चालू झालं की तो चौकोन आधी मी तपासणार.