क्यूरी तापमान वर का गेलं?
एकाने विचारलंय, की स्ट्रॉन्शियम घातल्यावर बेरियम टायटनेट या फेरोइलेक्ट्रिक (स्वतःचं विद्युत ध्रुवीकरण असलेल्या) स्फटिकाचं क्यूरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर हा गुण जातो ते तापमान, उतरायला हवं मग पातळ फिल्ममध्ये चढलं कसं, तर अहो एकट्या डोपिंगकडे (असं दुसरं मूलद्रव्य मिसळण्याकडे) बघू नका. बल्कमध्ये, म्हणजे जाड तुकड्यात, ते १२०° सेल्सिअसच्या आसपास असतं, ३० टक्के स्ट्रॉन्शियमने ते खोलीच्या तापमानाजवळ येतं, खरंय. पण फिल्म सबस्ट्रेटला (खालच्या आधार-स्फटिकाला) घट्ट धरलेली असते, खालची अणूंची जाळी लहान असेल तर ती आडवी दाबली जाते, उभी ताणली जाते, आणि टेट्रागोनल फेज (एका दिशेने लांबट, ध्रुवीकरण असलेली रचना) जास्त तापमानापर्यंत टिकते. २००४ मध्ये स्कँडेट (स्कँडियमयुक्त ऑक्साइड) स्फटिकावरच्या शुद्ध बेरियम टायटनेट फिल्ममध्ये क्यूरी तापमान जवळपास ५००° ने वर गेलेलं दाखवलंय! आणि आमच्या रत्नागिरीत पावसाळ्यात मोजत असाल तर सॅम्पल आधी नीट सुकवा, पृष्ठभागावरच्या ओलाव्याने लीकेज (गळती प्रवाह) वाढतं आणि डायलेक्ट्रिक स्थिरांकाचा (पदार्थ किती विद्युतभार साठवू देतो त्याचा) आकडा फसवतो.