मदत हवी आहे: आरव्हीच्या (राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या) छतावरचा एसी दुपारी पुन्हा पुन्हा बंद पडतो

ठिकाण अ‍ॅरिझोना. 30 अँपिअर जोडणीचा ट्रेलर, छतावर 13,500 बीटीयू क्षमतेचा एसी. सकाळी व्यवस्थित चालतो. दुपारी पारा 40 अंशांपुढे गेला की कंप्रेसर थांबतो, पंखा मात्र फिरत राहतो. कंप्रेसर परत सुरू होताना नुसता घुमतो आणि 20 अँपिअरचा ब्रेकर पडतो.

फिल्टर आणि दोन्ही कॉइल स्वच्छ आहेत. 45 मायक्रोफॅरडचा रन कपॅसिटर (कंप्रेसरच्या मोटरला चालायला मदत करणारा भाग) मोजल्यावर 36 भरला, म्हणून नवा टाकला. तरी तेच. थर्मोस्टॅट पुन्हा सुरू करण्याआधी तीन मिनिटं थांबतो, त्यामुळे गॅसचा दाब उतरायला वेळ मिळतो.

खरी शंका व्होल्टेजची. एसी 15 अँपिअर खेचत असताना कॅम्पग्राउंडच्या वीजजोडणीच्या खांबावर 113 व्होल्ट मिळतात, एसीच्या जंक्शन बॉक्समध्ये 106. म्हणजे मधल्या वायरिंगमध्ये कुठेतरी शंभरेक वॅट नुसती उष्णता होतेय! केबल 10 गेजची, 30 फुटी. तिच्यात जेमतेम एक व्होल्ट जायला हवा. प्लग हाताला कोमट लागतो, पाती काळवंडलेली नाहीत.

मग उरतो ट्रान्सफर स्विच (बाहेरची वीज आणि जनरेटर यांत अदलाबदल करणारा), ब्रेकर किंवा एखादा सैल वायर नट (तारांची टोकं जोडणारी टोपी). लोड चालू ठेवून प्रत्येक जोडाच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजायचं, तर सुरुवात कुठून करावी? न्यूट्रल बसबारचा (न्यूट्रल तारा एकत्र जोडणाऱ्या पट्टीचा) स्क्रू असा त्रास देतो का?

सॉफ्ट स्टार्टर कृपया सुचवू नका. तो सुरुवातीचा झटका कमी करतो, चालताना पडणारं व्होल्टेज नाही.