राग सारमती आहे, कांभोजी नव्हे
'सिंधुभैरवी' या तमिळ चित्रपटात (१९८५) 'मरि मरि निन्ने' ही कर्नाटक संगीतातले रचनाकार त्यागराज यांची कृती (रचना) जशीच्या तशी, कांभोजी रागातच घेतलीय, असं कुणीतरी म्हटलंय. शब्द त्यांचेच, पण राग नाही. मूळ कृती कांभोजीतली, चित्रपटाचे संगीतकार इळैयराजांनी ती सारमती या दुसऱ्या कर्नाटकी रागात बांधली. कांभोजीत गंधार-धैवत शुद्ध. सारमतीत ग, ध, नी तिन्ही कोमल, म्हणजे रंगच पालटला.

सारमतीचा आरोह (चढता स्वरक्रम) सरळ, सातही स्वरांचा. उतरताना मात्र पंचम आणि रिषभ गळतात: सा नी ध म ग सा. घोळ होतो तो इथेच. आसावरी थाटाची (याच कोमल ग, ध, नीच्या सप्तकाची) सवय असलेला आपल्याकडचा, हिंदुस्थानी गळा ध वरून हटकून प वर टेकतो, आणि सारमती जाऊन नुसती नटभैरवी (आसावरी थाटाचेच स्वर असलेला सारमतीचा मूळ कर्नाटकी मेळ) उरते. ध-म आणि ग-सा या दोन उड्या आधी वेगळ्या घोटाव्यात.